एअर सस्पेन्शन की पाटे आणि शॉकअप? कोल्हापूर–वाशी दह्याच्या गाड्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कागल ते गोकुळ शिरगाव या पट्ट्यातली एक खासगी डेअरी. तिचं कपात लावलेलं घट्ट दही रोज संध्याकाळी वाशीला निघतं आणि आठवड्यातून दोनदा फोंडा घाट उतरून कणकवली-सावंतवाडीला जातं. वाहतुकीचं काम कोल्हापुरातल्या दोघा भावांकडे आहे. थोरले व्यवहार बघतात, धाकटे गाड्यांची देखभाल. दह्यासाठी त्यांच्या तीन रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) गाड्या: सहा चाकी, एकूण वजनाची मर्यादा १८.५ टन, वर २२ फुटी इन्सुलेटेड बॉडी. तिन्हींना पुढे-मागे पाटे, म्हणजे एकावर एक पोलादी पाती रचलेल्या स्प्रिंग. ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे गाळले आहेत.

तीनपैकी सगळ्यात जुनी गाडी बदलायचं ठरलं. डीलरने एकाच मॉडेलचे दोन प्रकार समोर ठेवले. एकात मागे पॅराबोलिक पाटे आणि शॉकअप, दुसऱ्यात मागच्या अ‍ॅक्सलला कारखान्यातूनच बसवून आलेलं एअर सस्पेन्शन, म्हणजे पाट्यांऐवजी हवेचे बलून. पुढे दोन्हींत पाटेच. किमतीतला फरक २ लाख १० हजारांचा, आणि एअरवाली गाडी हवी तर अडीच महिने थांबायचं. पाट्यांची गाडी पंधरा दिवसांत मिळत होती.

अडचण

वाशीच्या वितरकाकडून डेबिट नोटा (खराब मालाचे पैसे वजा केल्याच्या चिठ्ठ्या) यायच्या, महिन्याला ६० ते ७० हजारांच्या. तक्रार एकच: झाकण काढलं की वर पिवळसर पाणी, खाली दही चिरलेलं. खायला ते दही वाईट नसतं, पण दुकानातलं गिऱ्हाईक तो कप परत ठेवतं. डेअरीचं म्हणणं होतं की गाडी आदळते. गाडीवाल्यांचं म्हणणं, दही पुरतं गार न करताच भरून देतात. दोघांकडेही पुरावा नव्हता.

रस्त्याचा वाटाही होताच. कागल ते सातारा सहापदरीकरण सुरू असल्याने जागोजागी वळवलेले सेवा रस्ते, अर्धवट पुलांच्या कडेचे उतार आणि डांबर-काँक्रीटच्या सांध्यांवरची पायरी. गाडी ६० च्या वेगात अशा पायरीवरून गेली की मागचं हाउसिंग (मागच्या चाकांना जोडणारी आडवी पेटी) एकदम वर येतं आणि तो धक्का पाट्यातून चासीत, चासीतून बॉडीच्या तळात जातो.

वाशीच्या फेरीवरच्या चालकमामांनी मात्र एक गोष्ट कधीच सांगून ठेवली होती. "मालक, भरल्या गाडीचं काय न्हाय. रिकामे क्रेट घेऊन माघारी येताना कंबर ऱ्हात न्हाय." रीफर युनिटची तांब्याची नळी तडकणं, मागच्या दाराच्या बिजागऱ्या ढिल्या होणं, क्रेट फुटणं, हे सगळं बहुतेक परतीच्या फेरीत घडायचं. पुढच्या निर्णयात हे वाक्य कोणत्याही कोटेशनपेक्षा उपयोगी पडलं.

प्रश्नच चुकीचा मांडला होता

सुरुवातीला घरात वाद चालला तो "एअर घ्यायचं की शॉकअप" असा. ही तुलना तांत्रिकदृष्ट्या उभीच राहत नाही. गाडीचं वजन पेलतो तो पाटा किंवा हवेचा बलून. शॉकअप वजन पेलत नाही, तो हेलकावा शमवतो. त्यामुळे शॉकअप दोन्हींत लागतो, आणि एअर सस्पेन्शनमध्ये तर जास्तच लागतो. कारण अनेक पात्यांच्या पाट्यात पात्यांच्या आपसातल्या घर्षणाने थोडा हेलकावा आपोआप मरतो, बलूनमध्ये ते घर्षण जवळजवळ नसतं. शिवाय कित्येक रचनांत अ‍ॅक्सल खाली लोंबताना त्याला शेवटी अडवतो तो शॉकअपच. तो तुटला किंवा त्याचा आय-बुश (टोकाच्या कड्यातला रबरी बुश) निघाला तर बलून पिस्टनवरून (बलूनखालच्या बुंध्यावरून) ओढला जाऊन निकामी होतो. "एअर घेतलं, आता शॉकअपकडे बघायला नको" ही समजूत म्हणून फार महाग पडते.

मग खरा फरक कुठे? पाट्याचा कडकपणा ठरलेला असतो. तो ११.५ टनांच्या अ‍ॅक्सलसाठी बनवलेला असतो (चार टायरच्या एकेरी अ‍ॅक्सलची २०१८ पासूनची मर्यादा). गाडी रिकामी असली तरी तो तेवढाच कडक राहतो. बलूनमध्ये मात्र वजनाप्रमाणे हवेचा दाब बदलतो: वजन कमी, दाब कमी, म्हणून स्प्रिंगही मऊ. हे काम लेव्हलिंग व्हॉल्व्ह करतो. व्हॉल्व्ह चासीवर बसतो आणि त्याचा हात एका दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. वजन टाकलं की चासी खाली येते, हात वर जातो, बलूनमध्ये हवा भरते. वजन काढलं की उलट. चासीची उंची कायम तीच राहते. प्रत्येक खड्ड्याला हवा आत-बाहेर होऊ नये म्हणून मध्ये थोडी निष्क्रिय जागा ठेवलेली असते.

म्हणजे पूर्ण भरून जाऊन पूर्ण भरून येणाऱ्या गाडीला एअरचा फायदा थोडाच. हलका माल नेणाऱ्या आणि रिकाम्या परतणाऱ्या गाडीला तो मोठा. दह्याची गाडी या दुसऱ्या गटातली आहे का, हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.

आधी मोजमाप

धाकट्या भावाचा आग्रह होता की दोन आठवडे काहीच विकत घ्यायचं नाही. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय आमच्या मते हाच.

पहिलं काम वजनकाट्याचं. एकूण वजन नव्हे, प्रत्येक अ‍ॅक्सलचं वेगळं. आधी पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण गाडीच्या आकड्याशी जुळलं पाहिजे. भरलेली गाडी: पुढे ५.४ टन, मागे ९.१. रिकामी: पुढे ४.२, मागे ४.३. माल फक्त सहा टन, कारण दही जागा खातं, वजन खात नाही. मागचं हाउसिंग, चाकं, ब्रेक हे पाट्याखालचं वजन साधारण १.१ टन धरलं, तर पाट्यावर रिकाम्या गाडीत ३.२ टन आणि भरल्या गाडीत ८ टन येतात. पाटा मात्र १०.४ टनांसाठी (११.५ वजा १.१) बनलेला. पाट्याचा कडकपणा तोच धरला, तर रिकाम्या गाडीचा हेलकावा पूर्ण क्षमतेच्या गाडीपेक्षा सुमारे १.८ पट वेगाने होणार (१०.४ भागिले ३.२, त्याचं वर्गमूळ). हेल्पर पाट्यामुळे (भार वाढल्यावरच कामाला लागणारा जादा पाटा) प्रत्यक्षात हा आकडा थोडा खाली येतो, पण दिशा तीच. मामांची कंबर का जात होती त्याचा हिशेब हा.

दुसरं, खराब कपांचा नकाशा. वाशीला उतरवताना कोणत्या रांगेतल्या कोणत्या क्रेटमध्ये पाणी सुटलंय ते एका कागदावर खुणा करून नोंदवायचं. यातून दोन वेगळी चित्रं निघाली. काही दिवशी खराब कप फक्त दाराजवळच्या शेवटच्या चार रांगांत, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, जिथे चासीचा शेपटा सगळ्यात जास्त उडतो. काही दिवशी मात्र खराबी गाडीभर सारखी पसरलेली. दुसऱ्या प्रकारच्या दिवसांची डेअरीच्या नोंदवहीशी गाठ घातली तेव्हा दिसलं की त्या दिवशी कपाच्या मध्यातलं तापमान भरताना ९ ते ११ अंश होतं. घट्ट दही साधारण ४२-४३ अंशाला विरजतं, आंबटपणा हवा तेवढा आला की लगेच ५ अंशाखाली न्यावं लागतं, आणि तिथून पुढे काही तास थंडीत स्थिर राहिल्यावरच त्याची जाळी पक्की होते. ९ अंशाचं दही कुठल्याही गाडीत पाणी सोडणार. म्हणजे दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या खऱ्या होत्या.

तिसरं, तीन दिशांचे धक्के नोंदवणारा लॉगर, मागच्या दाराजवळ तळाला घट्ट बोल्टने. क्रेटला चिकटवला तर तो क्रेटचा खडखडाट मोजतो, गाडीचा नाही. बघायचं एवढंच की उभ्या दिशेत १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढा धक्का) किती वेळा ओलांडलं जातं, कारण तिथून पुढे क्रेट तळापासून क्षणभर सुटतो आणि परत आदळतो. एका गाडीत असे धक्के दुसऱ्या तशाच गाडीच्या दुपटीहून जास्त निघाले. रस्ता तोच, माल तोच, वेगही जवळपास तोच.

चौथं काम त्या गाडीच्या खाली शिरण्याचं. मागच्या पाट्यात दोन्ही बाजूंना एकेक पातं जादा होतं. गाडी जुनी घेतलेली, आधी ती ऊस आणि वाळूच्या कामात असावी. तिथे पातं वाढवणं सर्रास चालतं. पाट्याची पाती कुणी मोजलीच नव्हती. शिवाय मागचे दोन्ही शॉकअप मेलेले. ते ओळखायची रीत सोपी आहे: खराब रस्त्यावर १५-२० किलोमीटर गाडी चालवून थांबायचं आणि शॉकअपच्या अंगाला सावकाश हात लावायचा. काम करणारा शॉकअप गरम लागतो, मेलेला थंड. डावा-उजवा ताडून बघायचा. अंगावर तेलाची पुसट ओल चालते, ओघळ चालत नाही. इथे डावा थंड होता आणि उजव्याचा खालचा बुश अंडाकृती झालेला.

समोर असलेले पर्याय

*आहे त्याच गाड्या नीट करणं.* जादा पातं काढणं, मूळ संख्येचा पाटा, नवे शॉकअप, शॅकल पिन आणि बुश, यू-बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर परत कसणं. खर्च एका गाडीला ३८ हजारांच्या आसपास. हे कुठल्याही परिस्थितीत करायचंच होतं, म्हणून त्याला पर्याय म्हणणंही तसं बरोबर नाही.

*नवी गाडी, पॅराबोलिक पाट्यांची.* दोन-तीनच जाड पाती, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळती, एकमेकांना फक्त मध्यावर आणि टोकाला टेकणारी. घर्षण कमी, चाल जुन्या पाट्यांपेक्षा बरीच मऊ. शिरोली, उद्यमनगर कुठेही मिस्त्री हात लावू शकतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. यात पातं वाढवता येत नाही. आणि पात्यांची संख्याच कमी असल्याने एक पातं तुटलं तर दहा पात्यांच्या पाट्यासारखं "चला, कोल्हापूरपर्यंत नेऊ" म्हणता येत नाही. घर्षण कमी म्हणून शॉकअपवरचा भारही वाढतो.

*नवी गाडी, कारखान्याच्या एअर सस्पेन्शनची.* फायदा वर आलाच. शिवाय उंची वर-खाली करायचा हातव्हॉल्व्ह सोबत येतो, त्यामुळे डेअरीच्या माल भरायच्या ओट्याशी गाडीचा तळ जुळवता येतो. तोटा: हवा कोरडी ठेवावी लागते, वाटेत बिघडलं तर दुरुस्ती जाणणारा माणूस लागतो, आणि पावसाळ्यातला व ऊस हंगामातला चिखल बलूनच्या घडीत जाऊन बसतो.

*जुन्या गाडीला बाहेरून बलून बसवून घेणं.* एका गॅरेजने ९० हजारांत करून देतो म्हटलं होतं. थोरल्यांना हा सौदा फार आवडला होता. तो सोडण्याची कारणं सविस्तर सांगावी लागतील, कारण पुष्कळ जण इथेच फसतात.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत नमूद असलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो. ही झाली कागदाची बाजू. त्याहून गंभीर बाजू ब्रेकची. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकला भाराप्रमाणे दाब देणारा एलएसव्ही (लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह) असतो, तो चासी आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर बघून भार ओळखतो. बलून बसवले की ते अंतर कायम एकच राहतं. दहा टन भरले तरी एलएसव्हीला गाडी रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक अर्धवट लागतो. खंबाटकी घाट उतरताना हे कळणं परवडणारं नाही. कारखान्याच्या रचनेत हाच संकेत बलूनमधल्या दाबावरून घेतलेला असतो. तिसरी बाजू हवेची: बाहेरून जोडलेले बलून ब्रेकच्याच टाकीतून हवा घेतात. मध्ये प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह नसेल तर बलून फुटताच ब्रेकची हवाही उतरते. त्या गॅरेजच्या आराखड्यात तो व्हॉल्व्ह नव्हता. चौथी बाजू म्हणजे पाटा हा नुसता स्प्रिंग नसतो, तो अ‍ॅक्सलला पुढे-मागे आणि आडवं धरूनही ठेवतो. पाटा काढला की ते काम करायला टॉर्क रॉड किंवा ट्रेलिंग आर्म लागतात, आणि त्यांचे ब्रॅकेट चासीला कुठेही भोक पाडून बसवता येत नाहीत.

निर्णय

ठरलं ते असं. जुन्या दोन गाड्यांची चाल आधी दुरुस्त करायची. डेअरीबरोबर बसून भरतानाचं तापमान ५ अंशाखाली असल्याशिवाय दार लावायचं नाही असा नियम करायचा. आणि नवी गाडी एअरची घ्यायची, पण ती फक्त वाशीच्या फेरीवर चालवायची. फोंडा घाटाकडे पाट्यांच्याच गाड्या.

कोकणच्या फेरीला एअर का नाही, यावर बराच खल झाला. भीती होती ती वळणावर गाडी कलण्याची. ती रास्त होती, पण निर्णायक नव्हती. दोन्ही बलून एकाच व्हॉल्व्हवर असले की ते कलण्याला फारसा विरोध करत नाहीत, तो विरोध अँटी-रोल बार करतो, आणि कारखान्याच्या रचनेत तो भक्कम होता. खरं कारण वेगळं: तिकडच्या फेरीत माल जागोजागी उतरतो, गाडी अरुंद कच्च्या गल्ल्यांत मागे घ्यावी लागते, चिखल-दगडाचा मारा जास्त, आणि काही बिघडलं तर मदत लांब. शिवाय परतताना तिकडून थोडाफार माल मिळतो, गाडी अगदी रिकामी नसते. एअरचा फायदा कमी आणि धोका जास्त, असा तो रस्ता.

पुढच्या अ‍ॅक्सललाही एअर हवं का, असं डीलरने विचारलं होतं. पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन रिकाम्या-भरल्यात ४.२ ते ५.४ एवढंच बदलतं. तिथे पैसे घालायचं कारणच नव्हतं.

प्रत्यक्षात काय केलं

जुन्या गाड्यांचे पाटे उतरवले. मूळ पुस्तकाप्रमाणे पात्यांची संख्या आणि जाडी ताडली, जादा पातं काढलं, सेंटर बोल्ट नवा टाकला. यू-बोल्ट जुने परत वापरले नाहीत. एकदा ताणून कसलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. ५०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा टॉर्क लावला. ही दुसरी कसणी बहुतेक गॅरेजमध्ये राहून जाते आणि मग सेंटर बोल्ट तुटतो, अ‍ॅक्सल सरकतं, टायर तिरके झिजतात. शॉकअप अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदमच बदलले. टायरमधली हवा १२० पीएसआयवर असायची. टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यात मागच्या ९.१ टनांना जे बसतं त्याप्रमाणे ती १०५ वर आणली. क्रेटच्या रांगांमागे आडवा बार लावला, कारण मोकळी फट राहिली की चांगल्यातलं चांगलं सस्पेन्शनही क्रेटांची टक्कर थांबवू शकत नाही.

नवी गाडी ताब्यात घेताना चार गोष्टी लिहून घेतल्या: ठरलेली उंची, म्हणजे चासीच्या खालच्या कडेपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये, शॉकअपचा भाग क्रमांक (एअरच्या गाडीचा शॉकअप पाट्याच्या गाडीपेक्षा लांबीने वेगळा असतो, दिसायला सारखा असला तरी), लेव्हलिंग व्हॉल्व्ह आणि दांडीचा क्रमांक, एअर ड्रायरच्या काडतुसाची बदलण्याची मुदत.

चालकांना शिकवलं ते मोजकंच. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी मागून चालत जाऊन दोन्ही बलूनांची उंची बघायची, एक बाजू खाली असेल तर गळती. संशय आला तर साबणाच्या पाण्याने जोड तपासायचे. आठवड्यातून एकदा टाकीचे ड्रेन ओढायचे. पाणी आलं की ड्रायर संपला, तेल आलं की कंप्रेसर. धुताना बलून आणि पिस्टनमधल्या घडीत पाण्याचा झोत मारायचा, डिझेलचा बोळा अजिबात लावायचा नाही. आणि घोडा (चासी पेलून धरणारा स्टँड) लावल्याशिवाय चासी आणि चाकाच्या मधे हात घालायचा नाही, कारण हवा उतरली की चासी क्षणात खाली बसते.

काय घडलं

पाटे-शॉकअपची दुरुस्ती आणि तापमानाचा नियम या दोन गोष्टींनीच डेबिट नोटा २५ ते ३० हजारांवर आल्या. तोवर नवी गाडी आलेलीही नव्हती. ही नोंद फार महत्त्वाची आहे. गाडी आधी घेतली असती तर सगळं श्रेय एअर सस्पेन्शनला गेलं असतं आणि दुसरी, तिसरी गाडीही डोळे झाकून तीच घेतली गेली असती.

नवी गाडी वाशीच्या बहुतेक फेऱ्या करू लागल्यावर आकडा ८ ते १० हजारांवर स्थिरावला. म्हणजे एअरमुळे महिन्याला सुमारे १८ हजार वाचले, आणि २ लाख १० हजारांचा जादा खर्च वर्षभरात निघेल असं गणित बसलं. रीफरची नळी त्या गाडीत अजून तडकलेली नाही, हा त्यावर वेगळा फायदा. लॉगरमध्ये भरलेल्या फेरीतला फरक मध्यमच होता. रिकाम्या फेरीतला फरक मात्र डोळ्यात भरण्यासारखा.

पावसाळ्यात कराडच्या अलीकडे एका वळणरस्त्यावर दगड लागून लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी निसटली. व्हॉल्व्हचा हात खाली लोंबला, त्याने बलूनमधली हवा सोडून दिली आणि मागची बाजू रबरी स्टॉपवर बसली. रीफर चालू होतं, दही थंड राहिलं. चालकाने गाडी कडेला घेऊन जॅक आणि घोडा लावला, चासी उचलून घेतली, हात वर धरून बलून भरू दिले आणि उंची अंदाजाने बरोबर आल्यावर हात मधल्या जागी तारेने चासीला बांधला. मधल्या जागी व्हॉल्व्ह बंद असतो, हवा आत कोंडून राहते. अशी गाडी सावकाश मुक्कामी नेता येते, फक्त माल उतरवल्यावर चासी वर उचलली जाते, म्हणून उतरवायच्या आधी तार सोडावी लागते. अडीच तास मोडले.

खरा त्रास त्यानंतर झाला. बाहेरच्या गॅरेजने नवी दांडी बसवताना उंची नजरेने लावली, ठरल्यापेक्षा जवळपास २५ मिलिमीटर जास्त. गाडी चांगलीच चालायची, पण ६०-६५ च्या वेगात तळातून घरघर येऊ लागली. टायर बॅलन्स झाले, चाकाचे बेअरिंग बघून झाले. कारण होतं प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) जोडाचा बदललेला कोन. लिहून ठेवलेला उंचीचा आकडा काढून टेपने मोजलं, दांडी तेवढी आखूड केली, आवाज गेला. आणखी महिनाभर तशीच चालली असती तर युनिव्हर्सल जॉइंट बदलावा लागला असता.

पुन्हा करायचं झालं तर

तापमानाची अट कंत्राटातच हवी होती. डेबिट नोट कुणी सोसायची हे ठरवायला भरतानाच्या तापमानाची दोन्ही बाजूंची सही हा एकमेव पुरावा, आणि तो वर्षभर आधी असता तर भांडणाचे पैसे वाचले असते.

जुनी गाडी घेताना पाट्याची पाती मोजणं हे दोन मिनिटांचं काम आहे. मूळ संख्या डीलरच्या पुस्तकात असते. जादा पात्याने गाडी "भक्कम" होते असं वाटतं, पण हलक्या मालाच्या गाडीत तो भक्कमपणा मालाच्या जिवावर येतो.

दांडीचा एक जादा नग, दोन मीटर हवेची नळी आणि जोड गाडीतच ठेवायला हवे होते, घटनेनंतर ठेवले. व्हॉल्व्हसमोर पत्र्याचा आडोसा लावणंही नंतरच सुचलं. तो लावताना बलूनच्या फुगण्याच्या जागेत पत्रा येणार नाही हे हवा पूर्ण भरून आणि पूर्ण सोडून, दोन्ही वेळा बघावं लागतं.

बॉडीच्या लांबीचा विचार कुणीच केला नव्हता. खराबी शेवटच्या चार रांगांत होती, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमागचा शेपटा लांब होता. त्याच मॉडेलमध्ये जास्त व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) चासी उपलब्ध होती. ती घेतली असती तर पाट्यांच्या गाडीतही शेवटच्या रांगा बऱ्याच वाचल्या असत्या. वळायला मात्र ती जड, आणि वाशीच्या आवारात मागे घेताना ते जाणवलं असतं. तरी आमच्या मते सस्पेन्शनच्या प्रकाराआधी तो प्रश्न विचारायला हवा होता.

आता दुसरी गाडी बदलायची वेळ जवळ येते आहे. थोरल्यांचा कल पुन्हा एअरकडे आहे. दरम्यान भिवंडीहून कोल्हापूरला गोठवलेल्या मालाचं परतीचं भाडं मिळण्याची बोलणी सुरू आहेत, फेरीला पाचेक टन. ते नियमित मिळालं तर गाडी रिकामी परतणारच नाही, मागच्या अ‍ॅक्सलचं वजन जाता-येता जवळपास सारखं राहील, आणि त्या गाडीला पॅराबोलिक पाटे व चांगले शॉकअप पुरेसे होतील. भाड्याचं पक्कं झाल्याशिवाय गाडी नोंदवायची नाही, असं धाकट्यांनी सांगून ठेवलंय.